डबीवरचा आळ

"माझ्या मेंढ्याचं काय व्हायचं ते होऊ द्या, बाई. पण शिवकन्याच्या नावानं पोलिसात कागद जाऊन राहिला, तेवढा थांबवा."

कौशल्याबाई समोर खुर्ची असूनही बसल्या नाहीत. साठी उलटलेली, उन्हानं रापलेली ही धनगर बाई धारमाळहून पहिल्या गाडीनं निघाली होती. हिंगोली डेपोपासून राधिका कऱ्हाळेच्या कचेरीपर्यंत ती पायी आली होती, आणि तिचा संताप वाटेत जराही कमी झाला नव्हता.

"कागद कधी जाणार?" राधिकेनं विचारलं.

"आज. चार वाजता संघाची मीटिंग हाय. सह्या झाल्या की लगेच."

राधिकेनं घड्याळ पाहिलं. पावणेदहा. अकरा वर्षं विमा कंपनीसाठी खरे-खोटे दावे तपासून तिनं स्वतःची तपासाची कचेरी थाटली होती. वेळ कमी असला की ती जास्त शांत होई.

"हिरासिंग, जीप काढा. बाई, तुम्ही वाटेत सांगा."

हिरासिंग तीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर होता. आता राधिकेची जीप चालवणं हे त्याचं काम आणि शंका काढणं हा त्याचा छंद. त्या शंका बहुधा चुकीच्या असत, पण तो त्या मनापासून काढी.

प्रकार असा होता. कळमनुरीच्या पुढं आठ किलोमीटरवरच्या धारमाळमध्ये मेंढपाळांचा संघ आहे. संघाकडे १९९४ सालचा एक कॉम्प्युटर आहे. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस नाही, चित्रं नाहीत. पण त्यात गावातल्या सहाशेवर मेंढ्यांची वंशावळ आहे. प्रत्येक जनावराला नंबर, प्रत्येक नंबराची वेगळी फाईल, आणि फाईलीत आई कोण, बाप कोण. कोणता मेंढा कोणत्या कळपात सोडायचा ते त्यावरून ठरतं. जवळच्या रक्तात मेंढा सोडला तर कोकरं दुबळी निपजतात.

कळप दिवाळीनंतर चार-चार महिने रानोमाळ असतात. मग हे विचारायचं कसं? दोन वर्षांपूर्वी शिवकन्या नावाच्या गावातल्याच मुलीनं तोड काढली. काडेपेटीएवढी एक डबी तिनं त्या जुन्या यंत्राच्या मागं जोडली आणि यंत्र इंटरनेटवर आलं. रानातल्या माणसानं मोबाईलवरून नंबर पाठवला की डबी तो यंत्राला देई, यंत्र फाईल उघडी आणि आई-बापाचे नंबर परत येत.

"अन आता म्हणतात, डबीतून चोर शिरला," कौशल्याबाई म्हणाल्या. "सोमवारी निवडीला जनावरांचे डॉक्टर आले. जिल्ह्याच्या पैदाशीसाठी गावातून एक मेंढा घेणार व्हते. माझा चारशे सतरा पयला व्हता. नंबर टाकला, तर आई म्हणून एकशे अठ्ठ्याऐंशी! बापाची सावत्र बहीणच की ती! एका रक्तातला म्हणून मेंढा बाद."

"ती आई नव्हे?"

"कशी असंल? एकशे अठ्ठ्याऐंशीला लांडग्यानं नेलं, त्याला तीन उन्हाळे झाले. माझा मेंढा मागल्या दिवाळीच्या मागल्या दिवाळीचा. मेलेली मेंढी वितीय व्हय?"

"हे तुम्ही सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. म्हणे आडाणी बाईच्या तोंडी गोष्टीला कोण इचारतं. कॉम्प्युटरमधलं डॉक्टरला लागतं, अन कॉम्प्युटर पोरीनं नासवला."

"मॅडम, हॅकरच असणार," हिरासिंग गिअर बदलत म्हणाला. "परवाच माझ्या मेव्हण्याला फोन आला होता."

"तुमच्या मेव्हण्याच्या मेंढ्या आहेत का?"

"न्हाई."

"मग गाडी चालवा."

धारमाळमध्ये शिरतानाच एक म्हातारा काठी आडवी धरून उभा होता. हा कौशल्याबाईंचा दीर मसाजी. त्याचीही तक्रार होतीच. रागावलेलं घर होतं ते, आणि रागवायला त्यांच्याकडे कारण होतं.

"लई कवतिक करतेत त्या मशीनचं," तो म्हणाला. "रविवारी मी माळावर व्हतो. दोन वाजून धा मिनिटाला इचारलं, मुकं. पुन्हा इचारलं, मुकं. तीनला बोललं एकदाचं."

राधिकेनं त्याचा मोबाईल मागून घेतला. संदेशांच्या वेळा पाहिल्या आणि परत दिला.

संघाची खोली देवळाला लागून होती. किल्ली चौकटीवर ठेवलेली असायची, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. आज मात्र कुलूप काढायला प्रभू आला. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक, अंगात चकचकीत शर्ट. संघाला नवा कॉम्प्युटर देण्याची त्याची बोलणी वर्षभर चालली होती, आणि हे जुनं यंत्र चालतं तोवर ती पुढं सरकत नव्हती.

"बघा मॅडम," त्यानं पडद्यावर यादी आणली. प्रत्येक फाईलीपुढं ती शेवटी कधी बदलली त्याची तारीख होती. सगळ्या तारखा सरळ. चारशे सतराच्या पुढं मात्र होतं, एक जानेवारी १९८०, रात्रीचे बारा वाजून एकोणीस मिनिटं.

"हे माणसाचं काम आहे का? मध्यरात्री, अन साल ऐंशी! परदेशी हॅकरचं लक्षण आहे. तारखाच बिघडवतात ते."

"बाकी काय बिघडवलं?"

"बाकी काही नाही."

"सहाशे फाईली सोडून एकच. हे शिवकन्येनं पाहिलंय?"

"तिला खोलीत येऊ देत नाही आम्ही. सोमवारपासून."

राधिकेनं त्याच्याकडे बघितलं. ज्या मुलीला ती डबी कळत होती, तिलाच तीन दिवस बाहेर ठेवलं होतं! आणि याला चौकशी म्हणत होते.

"एकशे अठ्ठ्याऐंशी ही चारशे सतराच्या बापाची कोण?" तिनं अचानक विचारलं.

प्रभू हसला. "मॅडम, मला मेंढी आणि शेळी यातला फरक कळतो, तेवढंच. आमचं घराणं दुकानदाराचं."

शिवकन्या घरामागं कौशल्याबाईंच्या कोकरांना पाला टाकत होती. डोळे रडून सुजलेले, पण आवाज कोरडा.

"ताई, त्या डबीतून फक्त नंबर आत जातो अन नंबर बाहेर येतो. फाईल बदलायची सोयच मी ठेवली नाही. पण ऐकतंय कोण? आईला बाया पाणवठ्यावर विचारून राहिल्या, पोरीला अटक कधी म्हणून."

"यंत्र सुरू कसं होतं ते सांग."

"सकाळी सातला मी बटण दाबते. त्याच्या आतला सेल कधीचाच मेलाय, म्हणून बंद केलं की तारीख विसरतं. डबी लावलेली असली की तारीख-वेळ इंटरनेटवरून आपोआप घेतं. डबी नसली तर माणसाला विचारतं."

"आणि माणसानं सांगितलं नाही तर?"

"तर स्वतःचीच धरून चालतं. कोणती ते मी कधी पाहिलंच नाही. तशी वेळच आली नाही."

"दिवसा पडद्यावर काय असतं?"

"उत्तरं देणारा प्रोग्राम. सकाळी यादीतून निवडून मी तो लावते. त्यातून बाहेर पडायला तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. त्या मला अन मला शिकवणाऱ्या उकंडमामांना माहीत. दुसऱ्याला बाहेर पडायचं तर मशीन बंद करून पुन्हा चालूच करावं लागंल."

"रविवारी दुपारी तू कुठं होतीस?"

"कळमनुरीला, मावशीकडं. मशीन चालू ठेवून गेले व्हते."

उकंडराव ओसरीवर एकटेच बसले होते. वय चौऱ्याहत्तर. संघाच्या यंत्रावर पहिली फाईल त्यांनी केली होती आणि शिवकन्येलाही त्यांनीच शिकवलं होतं. समोर पाहुण्यांसाठी मोठं घोंगडं अंथरलेलं होतं, पण त्यावर कोणी नव्हतं.

"पूर्वी हितं बसायला जागा व्हत न्हवती," ते म्हणाले. "कळप निघायच्या आधी आठ दिस माणसं यायची. मामा, हा मेंढा सोडू का, तो सोडू? आता मोबाईल हाय."

"तुमचाही मेंढा निवडीत होता ना?"

"व्हय. माझा अन सचिव विश्वंभररावाचा, दोन्ही दुसऱ्या नंबरावर, बराबर."

"यंत्र चालू करताना तुम्ही काय करता?"

म्हाताऱ्याची बोटं आपोआप मांडीवर नाचली. "आधी तारीख, मग येळ. ती घातल्याबिगर पुढची कळ न्हाई. तीस वरसांची सवय हाय. अन त्या डबीला माझा हात लागला न्हाई. लावणारबी न्हाई."

"दोनशे तीन नंबरची मेंढी आठवते?"

"तिरळी. जुळी द्यायची. सखुबाईच्या घरची."

"तीनशे चाळीस?"

"पाय मोडला व्हता, नर्सीच्या रस्त्यावर. बरी झाली."

"एकशे अठ्ठ्याऐंशी?"

उकंडरावांनी घोंगड्याची सुरकुती सरळ केली. "आठवत न्हाई. वय झालं."

बाहेर आल्यावर हिरासिंग कुजबुजला, "मॅडम, म्हाताऱ्याला पोरीचा राग आहे. यानंच केलं असणार."

"राग आहे, खरं आहे," राधिका म्हणाली, आणि चालू लागली.

संघाचे सचिव विश्वंभरराव यांचं घर पक्कं, रंगवलेलं. त्यांनी दोघांना आत नेलं, चहा सांगितला आणि बोलण्याआधी एक विचित्र गोष्ट केली. स्वतःचा मोबाईल एका स्टीलच्या डब्यात टाकला, राधिकेचा आणि हिरासिंगचाही मागून घेतला, झाकण गच्च लावलं आणि डबा स्वयंपाकघरात पाठवून दिला.

"ऐकत असतंय हे," ते म्हणाले. "नेटवर असलेल्या चीजेसमोर मी बोलत न्हाई. तुमी काय करता ते सगळं जगाला दिसतं. म्हणून तर मी पयल्यापासून सांगून राहिलो, मशीनला ती डबी नको. काहून ऐकलं न्हाई लोकांनी? आता बसा बोंबलत."

"तुमच्या मेंढ्या कोण राखतं?"

"संतराम. पगारी माणूस हाय. मी धा वरसांत रानात गेलो न्हाई. संघाच्या कामातून सवड कुठं? पण वंशावळ तोंडपाठ हाय बरं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं संघाच्या सगळ्या मेंढ्यांचा छापील तक्ता चौकटीत लावला होता. खाली साल होतं, २०२१.

राधिका तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली. "छान आहे. नंतर नवा छापला नाही?"

"नवा काहून पाहिजे? जनावर तेच असतंय."

"रविवारी दुपारी?"

"जेवून झोपलो व्हतो."

चार वाजता देवळासमोर संघ जमला. पंचवीस-तीस माणसं. टेबलावर तक्रारीचा कागद तयार होता, शिवकन्येचं पूर्ण नाव वरच्याच ओळीत. ती एका कडेला उभी होती आणि तिच्याशेजारी कौशल्याबाई, जणू कोणी जवळ आलंच तर त्या आधी लढणार होत्या.

राधिकेनं यंत्र बाहेर ओट्यावर आणायला लावलं. डबी मुद्दाम आतच ठेवली.

"सह्या करण्याआधी मला एकच पाहायचंय," ती म्हणाली. "तिघांनी आळीपाळीनं यंत्र चालू करायचं, कोणतीही एक फाईल उघडायची आणि पुन्हा जतन करायची."

प्रभूनं चालू केलं. पडद्यावर तारखेचा प्रश्न आला, त्यानं तो वाचला, तारीख टाइप केली. उकंडरावांनी डोळे मिटूनही केलं असतं. तारीख, वेळ, मग फाईल. विश्वंभरराव पुढं आले. प्रश्न आला, त्यांनी न वाचता मोठी कळ दाबली. दुसरा प्रश्न आला, पुन्हा तीच कळ. फाईल उघडली, जतन केली.

"आता यादी दाखवा."

हिरासिंगनं मोठ्यानं वाचलं आणि त्याचा आवाज चढला. "एक जानेवारी १९८०! रात्रीचे बारा वाजून दोन मिनिटं!"

"हॅकर आला वाटतं," राधिका म्हणाली. "भर चार वाजता, सगळ्यांच्या देखत."



"या यंत्राला तारीख सांगितली नाही तर ते १९८० च्या पहिल्या मध्यरात्रीपासून मोजायला लागतं. म्हणजे चारशे सतराच्या फाईलीपुढचे बारा एकोणीस ही मध्यरात्र नव्हे. यंत्र चालू केल्यावर एकोणीस मिनिटांनी फाईल बदलली, एवढाच त्याचा अर्थ. आणि डबी लावलेली असती तर यंत्रानं खरी तारीख स्वतःच घेतली असती. तेव्हा ज्या वेळी फाईल बदलली, त्या वेळी डबी लावलेलीच नव्हती. जी डबी जागेवर नव्हती तिच्यातून चोर आला म्हणून तुम्ही एका मुलीला पोलिसात देणार होता."

गर्दीत चुळबूळ झाली.

"कधी? मसाजींनी रविवारी दोन वाजून दहा मिनिटांनी विचारलं, यंत्र मुकं. तीनला बोललं. त्याच सुमारास कोणीतरी डबी काढली, यंत्र बंद-चालू केलं, फाईल बदलली आणि डबी परत लावली. किल्ली सगळ्यांना ठाऊक आहे."

"पण कोणी?" मागून आवाज आला.

"बाहेरचा माणूस नव्हे. सहाशे नंबरांतून त्यानं नेमका असा नंबर निवडला की मेंढा एका रक्तातला ठरावा. प्रभूला ते जमलं नसतं, त्याला मेंढ्यांतलं काही कळत नाही. उलट, रानातल्या माणसानं एकशे अठ्ठ्याऐंशी निवडलीच नसती, कारण तिला तीन उन्हाळ्यांपूर्वी लांडग्यानं नेलंय. म्हणजे नातं माहीत, पण मेंढी मेलेली माहीत नाही. असं ज्ञान कळपामागं फिरून येत नाही. ते भिंतीवरच्या २०२१ च्या तक्त्यावरून येतं. त्यावर ती अजून जिवंत आहे."

विश्वंभररावांनी घसा खाकरला. "तक्ता काय माझ्याच घरी हाय व्हय?"

"बाकी कोणाकडे असेल तर हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

"आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, डबी काढलीच कशाला? तिच्यातून पडदा दिसत नाही, हे शिवकन्येला ठाऊक आहे, प्रभूलाही. उकंडराव तिला शिवत नाहीत, आणि तारीख घातल्याशिवाय त्यांचं बोट पुढं जात नाही. फाईल बदलताना जग बघेल म्हणून डबी काढणारा माणूस एकच. जो चहा पितानाही मोबाईल डब्यात कोंडतो. विश्वंभरराव, ती डबी तुम्ही काढली नसती तर मला काहीच सिद्ध करता आलं नसतं."

"संघासाठी मी एवढं केलं!" विश्वंभरराव एकदम ओरडले. "सगळा जलम घातला! अन जिल्ह्याला मेंढा जावा तर हिचा? आमच्या कळपात काय कमी हाय? पोरीला काय फाशी देणार व्हते का? दोन दिस ठाण्यात बसली असती, सुटली असती!"

हे ऐकून ज्यांनी सकाळी सहीसाठी पेन खिशात घातलं होतं त्यांनी माना खाली घातल्या. दोन दिवस ठाण्यात! गावातली पोरगी दोन दिवस ठाण्यात बसली की पुढं तिचं काय होतं, हे त्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सगळे सही करणार होते.

सखुबाई नावाच्या म्हातारीनं तक्रारीचा कागद उचलून टराटरा फाडला. "झालं गेलं. गावातली गोष्ट गावात राहू द्या," कोणीतरी म्हणालं. "पोरीला परत घ्या, मिटलं."

"मिटलं न्हाई," शिवकन्या म्हणाली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती, आणि ती विश्वंभररावांकडे बघतही नव्हती. "उकंडमामा, सोमवारी तुमी पडद्यावर एकशे अठ्ठ्याऐंशी वाचलं. तुमीच मला तिची गोष्ट सांगितली व्हती, लांडग्याची. तुमाला त्याच मिनिटाला कळलं की हे कोणीतरी हितंच बसून केलं. मग तीन दिस गप का बसलात?"

उकंडराव उठले.

"मला वाटलं," ते म्हणाले आणि थांबले. "मला वाटलं, डबी जाईल. माणसं पुन्हा घोंगड्यावर येऊन बसतील. तुझ्या नावानं कागद जाईल असं न्हाई वाटलं, लेकरा."

"कागद कालच लिहिला, मामा. तुमच्या समोर लिहिला."

हिरासिंगनं राधिकेकडे बघितलं. तिला हे दुपारीच कळलं होतं, हे त्याच्या आता ध्यानात आलं. सगळ्या मेंढ्या आठवणारा माणूस नेमकी एकच विसरला होता.

"माझं चुकलं, पोरी."

"मला नका सांगू," शिवकन्या म्हणाली. "मी तर हितं उभीच हाय. मीटिंगच्या वहीत लिहा. उद्या कोणी इचारलं तर मी काय दाखवू?"

वही आणली गेली. सचिवांनी लिहायचं असतं, पण सचिव मान खाली घालून पायरीवर बसले होते. उकंडरावांनी पेन घेतलं. रविवारी फाईल कोणी बदलली ते त्यांनी लिहिलं, नावासकट. मग नवीन ओळ घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं की हे खोटं असल्याचं मला सोमवारीच माहीत होतं आणि मी बोललो नाही. खाली सही केली. सगळ्यांनी वाचेपर्यंत त्यांनी वही मिटू दिली नाही.